वाचकांचे प्रश्न : सोसायटीतले पोळे आणि गॅलरीतली फुले

गेल्या अंकात ठाण्याच्या रस्त्यांवर फुललेल्या करंजांविषयी या सदरात चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्या झाडांखाली उभे राहिल्यावर ऐकू येणाऱ्या गुणगुणीचा ओझरता उल्लेख केला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांत करंजाविषयी एकच पत्र होते. बाकी सगळी मधमाश्यांविषयी. काही काळजीची, काही कुतूहलाची आणि दोन-तीन चक्क भांडणाची. त्यांतील निवडक प्रश्न थोडे संक्षिप्त करून पुढे दिले आहेत.

प्रश्न : आमच्या इमारतीच्या चौदाव्या मजल्यावर एका सदनिकेच्या छज्ज्याखाली दिवाळीनंतर मोठे पोळे लागले आहे. त्या घरात लहान मूल आहे. निम्मे सभासद म्हणतात, औषध मारून काढून टाका. उरलेले म्हणतात, ते पाप आहे. निर्णय मला घ्यायचा आहे. पोळे आपोआप जाते का?
— सोसायटीचे सचिव, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : जाते. त्यामुळे पहिली विनंती अशी की, घाईने कोणालाही बोलावू नका.

आपण केलेल्या वर्णनावरून हे आग्या मधमाशीचे पोळे आहे. उंचावर, उघड्यावर, एकच मोठा पडदा टांगल्यासारखे पोळे आपल्याकडे दुसरी कोणतीही माशी बांधत नाही. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत एकामागे एक अशी अनेक पोळी बांधते, आणि फुलोरी माशीचे पोळे झुडपाच्या फांदीवर जेमतेम तळहाताएवढे असते. आग्या माशीची मूळची घरे म्हणजे वड, सावर यांसारखे मोठे वृक्ष आणि डोंगरातले कडे. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी वीस-पंचवीस मजली इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचे छज्जे आणि पाण्याच्या टाक्या तिला कड्यासारख्याच वाटल्या असणार. ही माशी स्थलांतर करते. पावसाळा सरल्यावर ती आपल्याकडे येते, फुलोरा असेपर्यंत राहते आणि सर्वसाधारणपणे पावसाच्या तोंडावर पोळे रिकामे करून निघून जाते. म्हणजे आपल्या इमारतीत आलेली ही काही महिन्यांची पाहुणी आहे. एखाद्या दिवशी नुसताच माश्यांचा घोस कठड्यावर लटकलेला दिसला आणि त्याच्या आत मेणाचे पोळे नसेल, तर तो वाटेत विसावलेला थवा असतो. तो बहुधा काही तासांत, फार तर दोन-चार दिवसांत पुढे जातो.

औषध मारण्याविषयी स्वतःचा अनुभव सांगते. मी पूर्वी राहत असलेल्या इमारतीत असेच पोळे लागले होते. भर दुपारी एका माणसाने दोराला लोंबकळून त्यावर विष फवारले. खालच्या आवारात मेलेल्या माश्यांचा थर पडला, आणि ज्या वाचल्या त्या दोन दिवस चवताळून फिरत राहिल्या. त्या दोन दिवसांत चार जणांना डंख झाले, आधीच्या तीन महिन्यांत एकालाही झाले नव्हते. निराधार पोळ्यातला मध उन्हाने पाघळून खालच्या तीन मजल्यांच्या खिडक्यांवर ओघळला, मग मुंग्या आल्या. आणि पुढच्या हिवाळ्यात त्याच छज्ज्याखाली, त्याच जागी, नवे पोळे लागले, कारण आग्या माश्यांचे थवे वर्षानुवर्षे ठरावीक जागांवर परत येतात. पैसे गेले, हजारो जीव गेले आणि प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

आता त्या घरातल्या मुलाची काळजी. ती रास्त आहे आणि तिला सभेत हसून उडवून लावू नये. आग्या माशी तापट असते, पण पोळ्याला धक्का पोहोचल्याशिवाय ती अंगावर येत नाही. पोळ्याच्या बाजूच्या खिडकीला बारीक जाळी बसवावी, त्या गॅलरीत कपडे वाळत घालणे आणि मुलाला खेळवणे हंगामापुरते थांबवावे, संध्याकाळनंतर तिथला दिवा बंद ठेवावा. पोळ्याखाली शेकोटी, धूप किंवा फटाके नकोत. इमारतीचे रंगकाम किंवा काचा पुसण्याचे काम त्या बाजूला पावसाळ्यापर्यंत काढू नये. माश्या उठण्याच्या कितीतरी घटना दोरावरच्या कामगारांमुळे घडतात आणि डंखही त्या बिचाऱ्यांनाच होतात. कधी कधी मधुबाज नावाचा शिकारी पक्षी पोळ्यावर झडप घालतो. येऊरच्या जंगलाशेजारी हे घडणे अगदी शक्य आहे. त्या वेळी माश्या खवळतात, तेव्हा खिडक्या लावून अर्धा-पाऊण तास आत बसावे.

तरीही माश्या अंगावर आल्याच, तर हातवारे न करता, चेहरा कपड्याने झाकून सरळ बंद खोलीत किंवा गाडीत शिरावे. पाण्यात उडी मारू नये. माश्या वर घिरट्या घालत थांबतात. माशीचा काटा त्वचेत राहतो आणि त्याला जोडलेली विषाची पिशवी काही काळ विष सोडत राहते, म्हणून तो नखाने खरवडून शक्य तितक्या लवकर काढावा. डंखाच्या जागेतून पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो; तो वास म्हणजे इतर माश्यांना दिलेला इशारा असतो, त्यामुळे डंख झाल्यावर त्या जागी रेंगाळू नये. ओठ-जीभ सुजणे, श्वास लागणे, अंगभर गांधी उठणे, चक्कर येणे यांपैकी काहीही झाले किंवा बरेच डंख एकदम झाले, तर घरगुती उपाय न करता तत्काळ रुग्णालय गाठावे.

घरात डंखाची तीव्र ॲलर्जी असलेली व्यक्ती असेल किंवा पोळे जिन्याच्या तोंडाशीच असेल, तर ते हलवणे भाग पडते हे मला मान्य आहे. ते काम प्रशिक्षित मधपाळाने, रात्री, आग न लावता करायचे असते. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे आणि पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. तिथे प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तींची चौकशी करता येते. येणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : माश्यांचे पुढे काय करणार? ज्याला याचे नीट उत्तर देता येत नाही, त्याला काम देऊ नका.

आणि जमल्यास एखाद्या सकाळी समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून दुर्बिणीने हे पोळे पाहा. पोळ्याच्या पृष्ठभागावर माश्यांचे थर असतात. गांधीलमाशी जवळ आली की, त्या माश्या आपली पोटे एकामागून एक वर उचलतात आणि वाऱ्याने भाताचे शेत हलावे तशी चमकती लाट त्या पडद्यावरून फिरते. शत्रू बिचकून मागे फिरतो. सभासदांना हे एकदा दाखवले, तर सभेतले भांडण मिटण्यास मदत होईल.

प्रश्न : गच्चीवरच्या कुंड्यांत टोमॅटो, वांगी आणि दुधी लावला आहे. फुले भरपूर येतात, पण गळून पडतात. खत, पाणी सगळे देऊन झाले. मधमाश्या येत नाहीत म्हणून असे होते का?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : तीन भाज्यांची तीन वेगळी गाऱ्हाणी आहेत, म्हणून उत्तरेही वेगवेगळी.

टोमॅटो आणि वांग्याच्या फुलात पिवळे परागकोश मिळून एक निमुळती नळी झालेली असते आणि पराग तिच्या टोकाच्या बारीक छिद्रांतून किंवा फटीतून, फूल थरथरले तरच, मिठाच्या डबीतून मीठ पडावे तसा बाहेर पडतो. मधमाशीला ही थरथर साधत नाही. ती साधते भुंग्याला आणि निळ्या पट्ट्यांच्या एका गुबगुबीत माशीला. तुमच्या गच्चीवर सकाळी आठ-नऊच्या सुमारास ही माशी दिसली तर जवळ जाऊन ऐका. फुलाभोवती घिरट्या घालताना तिचा आवाज एका पट्टीत असतो. फुलाला मिठी मारताच पंख मिटून ती अंगाचे स्नायू थरथरवू लागते आणि तोच आवाज एकदम चढ्या पट्टीत जातो. पुढच्या क्षणी तिच्या पोटावर पिवळी पूड उडालेली दिसते. ही माशी पोळे करत नाही, मध साठवत नाही. मादी एकटी मातीत किंवा भिंतीच्या मऊ गिलाव्यात बीळ करून अंडी घालते. तिच्यासाठी गच्चीच्या कोपऱ्यात एखादी रुंद कुंडी नुसत्या मातीची, न खणता, कोरडी ठेवून बघा. भुंगा वाळक्या लाकडात किंवा जाड बांबूत भोक पाडून राहतो. मांडवाचा एखादा जुना बांबू आडवा बांधून ठेवलात तर तो नक्की चौकशीला येतो. त्याच्या आकाराला भिऊ नका. तो अंगावर धावून आला तरी बहुधा नर असतो आणि नराला नांगीच नसते.

तोपर्यंत टोमॅटोची फुलांची दांडी सकाळी टिचकीने हलवा, किंवा बॅटरीवर चालणारा दात घासण्याचा ब्रश देठाला क्षणभर टेकवा. मात्र एप्रिल-मेच्या उकाड्यात रात्रीही हवा तापलेली राहते, तेव्हा टोमॅटोची फुले माशी असो वा नसो, गळतातच. आपल्याकडे टोमॅटो पावसाळा ओसरल्यावर लावावा.

दुधीची गोष्ट निराळी आहे. त्याचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते आणि त्याची वाट पाहणारे पाहुणे म्हणजे रात्री उडणारे पतंग. शिराळेही संध्याकाळीच उमलते. घोसाळे आणि कारले मात्र सकाळी. गच्चीवर रात्रभर झगझगीत दिवा असेल, तर पतंग फुलाऐवजी दिव्याभोवती फिरत राहतात. दिवा लवकर बंद करा आणि सात वाजता स्वतः वर जा. ज्या फुलामागे बोटाएवढा इवला दुधी दिसतो ते मादी फूल. लांब देठाचे नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यभागी हळूच टेकवा. दोन-तीन दिवसांत इवला दुधी मान वाकवून फुगू लागला, की समजावे, काम झाले.

प्रश्न : रोज रात्री आमच्या ट्यूबलाइटखाली दहा-पंधरा मधमाश्या येऊन पडतात आणि सकाळी मेलेल्या सापडतात. हा काही रोग आहे का? पोळे तर घरात कुठेच नाही.
— एक वाचक, कळवा

उत्तर : रोग असण्याचा संभव कमी. जवळपास कुठेतरी आग्या माशीचे पोळे आहे. ही माशी चांदण्या रात्रीही फुलांवर जाते आणि आपले उघडे पोळे प्रकाशात आले तर बिथरते. मग ती दिव्याकडे ओढली जाते, त्याच्याभोवती फिरून फिरून थकते आणि खाली पडते. पोळ्याच्या दिशेच्या खिडक्यांना संध्याकाळी पडदे ओढा, गॅलरीत पांढऱ्या झगझगीत दिव्याऐवजी मंद पिवळा दिवा लावा आणि इमारतीवरचे प्रकाशझोत खाली वळवून घ्या. फरशीवर पडलेल्या माशीवर अनवाणी पाय पडू देऊ नका. ती थकलेली असते, पण तिची नांगी थकलेली नसते. सुपलीवर घेऊन अंधाऱ्या कोपऱ्यात कुंडीजवळ ठेवली, तर त्यातल्या काही सकाळी उडून जातात.

प्रश्न : माझ्या कढीपत्त्यावर दरवर्षी अळ्या पडतात आणि रोप बोडके करतात. सूनबाई म्हणते, ती फुलपाखरांची पिल्ले आहेत, मारू नका. खरे का? आणि मग फोडणीत काय घालायचे?
— एक आजी, वाशी

उत्तर : आजी, सूनबाईंचे म्हणणे खरे आहे. कढीपत्ता, लिंबू, मोसंबी ही एका कुळातली झाडे, आणि काळ्या-पांढऱ्या लिंबू फुलपाखरांची, शेपटीवाल्या काळ्या फुलपाखरांची अंडी याच पानांवर असतात. 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालेली राणी पाकोळी, म्हणजे काळ्या पंखांवर निळाई फासलेले ते मोठे फुलपाखरू, तीही याच कुळातल्या झाडांवर वाढते. अळी लहान असते तेव्हा हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणजे तिला कोणी खाऊ नये. मोठी झाली की हिरवीगार होते. तिला काडीने हलकेच डिवचले, तर डोक्यामागून लालसर रंगाची दोन शिंगे बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. नातवंडांना हे एकदाच दाखवा, रोज मात्र तिला त्रास देऊ नका.

रोपाचे म्हणाल, तर कढीपत्ता चिवट असतो. पंधरा-वीस दिवसांत पुन्हा पालवतो. दोन कुंड्या ठेवाव्यात. एका कुंडीवरच्या अळ्या पानासकट उचलून दुसरीवर नेऊन ठेवाव्यात. एक कुंडी फोडणीची आणि एक पाकोळ्यांची. अळी दिसेनाशी झाली की शोधू नका; ती जवळच्या एखाद्या काडीवर कोश करून बसलेली असते, आणि उन्हाळी दिवसांत साधारण दहा-बारा दिवसांनी सकाळच्या वेळी ओल्या, चुरगळलेल्या पंखांनी बाहेर येते. ठाण्यात ओवळ्याला फुलपाखरांची एक बाग आहे. घोडबंदरकडे जाणे झाले तर नातवंडांना घेऊन ती अवश्य पाहा.

प्रश्न : मधमाश्या कमी होत आहेत असे सगळीकडे वाचतो. त्यांना मदत म्हणून आमच्या गच्चीवर मधपेटी ठेवण्याचा विचार आहे. मधही मिळेल. कोणती पेटी घ्यावी?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, खारघर

उत्तर : तुमची तळमळ मोलाची आहे, म्हणूनच स्पष्ट लिहिते : तुम्ही लिहिलेल्या कारणासाठी पेटी घेऊ नका.

बाजारात सहज मिळणाऱ्या पेटीत बहुधा युरोपीय माशी असते. ती पाळीव आहे, शेतकरी आणि मधपाळ तिला जगवतात, आणि ती संकटात आहे म्हणून तिला गच्चीवर आणणे म्हणजे चिमण्या वाचवण्यासाठी कोंबड्या पाळण्यासारखे आहे. जगात रानमाश्यांच्या 20 हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक मध साठवत नाहीत, एकट्या राहतात आणि त्यांच्यासाठी कोणी पेटी बनवत नाही. शहरात फुले मोजकी; त्या फुलांवर हजारो पाळीव माश्या सोडल्या, तर पारसिकच्या डोंगरावरून येणाऱ्या निळ्या पट्ट्यांच्या माशीने आणि फुलोरीने जायचे कुठे?

मधपालन शिकायचेच असेल, तर ते व्यवसाय म्हणून, रीतसर शिका. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे 2022 मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. तिथे गावकरी सातेरी माश्या कशा सांभाळतात ते जाऊन पाहा. त्यांच्याभोवती जंगल आहे आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात कोणते झाड फुलते हे त्यांना तोंडपाठ आहे. तुमच्या गच्चीवरून दिसणारी झाडे वर्षभर नोंदवून पाहा : कोणते कधी फुलले, त्यावर कोण आले. एका वहीत बारा महिने अशी नोंद झाली, तर तुमच्या भागातल्या माश्या कोणत्या महिन्यात उपाशी राहतात हे तुम्हाला कळेल, आणि त्या महिन्यात फुलणारे झाड लावणे ही पेटीपेक्षा शतपटीने मोठी मदत ठरेल.

प्रश्न : आमची गॅलरी तीन फूट रुंद, पश्चिमेकडे तोंड असलेली. अशा जागेत माश्या-फुलपाखरांसाठी काय लावता येईल? सोसायटीच्या आवारात थोडी जागा आहे, तिथेही झाडे सुचवावीत.
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : आपल्या गॅलरीत तुळस असणारच. तिथूनच सुरुवात करू. मंजिऱ्या आल्या की रोप खराब होते म्हणून आपण त्या खुडतो. त्यांतल्या निम्म्या राहू द्या. माझ्या नौपाड्यातल्या गॅलरीत ऑक्टोबर महिन्यात सकाळी नऊ वाजता एकाच तुळशीवर मी चार प्रकारच्या माश्या पाहिल्या आहेत. बारक्या फुलोरी माश्या मंजिरीच्या खालच्या फुलापासून सुरुवात करून वर चढत जातात आणि टोक आले की दुसऱ्या मंजिरीच्या तळाशी उतरतात. एकही फूल चुकवत नाहीत. तुळशीजवळ सब्जा आणि पुदिना लावा. भाजीच्या कुंडीतली थोडी कोथिंबीर न कापता फुलू द्या; तिच्या पांढऱ्या छत्र्यांवर अगदी लहान माश्या आणि मावा खाणाऱ्या अळ्यांचे पालक असलेल्या फुलमाश्या येतात. दोन मुळे जमिनीत राहू दिले तर माश्यांना फुले मिळतील आणि तुम्हाला डिंगऱ्यांची भाजी. एकेका जातीचे एकेक रोप ठेवण्यापेक्षा एकाच जातीची तीन-चार रोपे जवळजवळ ठेवावीत. उडत्या माशीला रंगाचा ठिपका नव्हे, पट्टा दिसला पाहिजे.

रोपवाटिकेतून फुलझाड घेताना एकेरी पाकळ्यांचे घ्या. जास्वंद, गुलाब यांच्या भरगच्च दुहेरी जातींत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात; माशी येते, चाचपडते आणि रिकाम्या हाताने जाते. रोप कोणत्या औषधात वाढवले आहे हेही विचारा. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधे झाडाच्या अंगात भिनतात आणि पराग व मकरंदातही उतरतात. युरोपीय संघाने अशा तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर 2018 मध्ये बंद केला. गॅलरीतल्या माव्यासाठी पाण्याचा जोरदार फवारा किंवा साबणाचे पाणी पुरते. निंबोळी तेल फवारायचेच तर अंधार पडल्यावर आणि फुले वगळून.

गुलाबाच्या पानांना एके दिवशी कातरीने कापल्यासारखे गोल काप दिसले तर तो रोग नाही. पानकाप्या माशीने अर्ध्या मिनिटात तो तुकडा कापून, पोटाखाली धरून, एखाद्या पोकळ बांबूत नेलेला असतो आणि त्याची गुंडाळी करून आत अंडे घातलेले असते. एका बाजूने गाठीने बंद असलेले, पेन्सिलीएवढ्या पोकळीचे बांबूचे वीतभर तुकडे पावसापासून आडोशाला बांधून ठेवले, तर ही माशी भाडेकरू म्हणून येते. तिला पाच-दहा पाने दिल्याने गुलाबाचे काही बिघडत नाही.

आवाराच्या बाबतीत बहराचे महिने लक्षात घेऊन निवड करा. फेब्रुवारीत सावर आणि पळस, मार्च-एप्रिलमध्ये करंज, जांभूळ, कडुनिंब, मग बहावा आणि ताम्हण, पावसाच्या अखेरीस बोर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रात्री दरवळणारी सातवीण, आणि शेवगा तर वर्षातून अनेकदा. ताम्हण हे आपले राज्यपुष्प. त्यात मकरंद नसतो, पण परागाची लयलूट असते आणि भुंगे त्यासाठी पहाटेपासून येतात. पिचकारीचे शेंदरी फुलांचे झाड मात्र नव्याने लावू नका. त्या फुलांच्या पेल्यात लहान माश्या मरून पडलेल्या सापडतात. खाली पडलेले फूल उचलून पाहिलेत तर स्वतःच खात्री पटेल. तुमच्या भागात खाडीकाठचे कांदळवन आहे हे भाग्य समजा. तिवराच्या बारीक पिवळसर फुलांवर मधमाश्या तुटून पडतात, आणि त्या झाडांना पाणीही कोणाला घालावे लागत नाही.

आवारातली सगळी जमीन पेव्हर ब्लॉकने झाकून टाकू नका. भिंतीकडेची दोन हात माती उघडी ठेवा. पावसाळ्यात उगवणारा तेरडा, टाकळा, आघाडा हे तण म्हणून ऑगस्टमध्येच सरसकट कापले जाते. निदान कुंपणाकडेचा एक पट्टा फुले आणि बी होईपर्यंत राखायला माळीदादांना सांगा. आणि एप्रिल-मेमध्ये पावसापूर्वीची छाटणी म्हणून बहरलेला करंज खोडापर्यंत तासला जातो, त्याविषयी मला विशेष कळकळीने लिहावेसे वाटते. धोकादायक फांदी काढावीच लागते. पण राज्याच्या 1975 च्या नागरी वृक्ष संरक्षण कायद्यानुसार झाड तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि छाटणीसाठी आलेल्या माणसाला कोणती फांदी आणि किती, हे कोणीतरी खाली उभे राहून सांगितले पाहिजे. ते कोणीतरी आपण व्हावे.

प्रश्न : डेंग्यूच्या भीतीने आमच्याकडे दर आठवड्याला धूरफवारणी करून घेतात. त्यानंतर फुलपाखरे दिसत नाहीत. पण विरोध केला तर आजाराचे पाप माझ्या माथी येईल. काय करावे?
— एक सभासद, ऐरोली

उत्तर : महापालिकेने आजाराचे रुग्ण आढळले म्हणून फवारणी केली, तर तिला आडकाठी करू नये. आपण बोलत आहात ती खासगी, सवयीची फवारणी, आणि तिच्याविषयी सभेत शांतपणे मुद्दा मांडता येतो. धुरातले औषध त्या वेळी उडणारे डास मारते, त्याचबरोबर उडणारे आणि पानाआड बसलेले इतर कीटकही मारते. पाण्यातल्या अळ्यांना मात्र त्याचा उपद्रव होत नाही. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचे टायर, बांधकामाचे पिंप कोरडे केले आणि कारंज्यात गप्पी मासे सोडले, तर धुराचा खर्चही वाचतो. फवारणी टाळता येत नसेल तर ती सूर्यास्तानंतर, फुललेल्या कुंपणाकडे नळी न वळवता करायला सांगा. माश्यांसाठी उथळ बशीत खडे घालून पाणी ठेवत असाल, तर ते रोज बदला; नाहीतर सभेत तीच बशी तुमच्यासमोर ठेवली जाईल.

प्रश्न : ‘मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल’ असे आइन्स्टाइन यांनी म्हटले होते का? आमच्या वर्गाच्या गटावर यावरून वाद झाला.
— इयत्ता नववीतील विद्यार्थिनी, कोपरी

उत्तर : त्यांनी असे म्हटल्याचा किंवा लिहिल्याचा कोणताही पुरावा मिळालेला नाही, आणि विधानही बरोबर नाही. भात, गहू, ज्वारी यांचे पराग वारा वाहून नेतो. ती धान्ये माशीवाचूनही पिकतात. खरे काय ते 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अहवालात आहे : जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे 75 टक्के पिके कमी-अधिक प्रमाणात कीटक-पक्ष्यांसारख्या परागवाहकांवर अवलंबून आहेत, आणि उत्पादनाच्या वजनात मोजले तर अशा पिकांचा वाटा सुमारे 35 टक्के आहे. म्हणजे माश्या गेल्या तर ताटात भात-भाकरी राहील. पण कोकणचा आंबा, भोपळा, वांगे, कलिंगड, मोहरी, काजू हे सारे कमी होईल आणि महाग होईल. वर्गाच्या गटावर हे आकडे पाठव. 20 मे हा जागतिक मधमाशी दिन असतो. त्या दिवशी सुट्टी असली तरी पाठव.

प्रश्न : आमच्या जुन्या घराच्या भिंतीतून मेणाची एक बारीक नळी बाहेर आली आहे आणि तिच्या तोंडाशी चिलटांएवढ्या काळ्या माश्या बसलेल्या असतात. चावत नाहीत. पुढच्या महिन्यात घराला रंग द्यायचा आहे. काय करू?
— एक वाचक, चेंदणी कोळीवाडा, ठाणे

उत्तर : या डंख नसलेल्या मधमाश्या आहेत, काही जण त्यांना पोया म्हणतात. झाडांचा चीक आणि मेण मिसळून त्या ही नळी बांधतात आणि तिच्या तोंडाशी पहारेकरी बसवतात. आत भिंतीच्या पोकळीत त्यांची वसाहत बहुधा अनेक वर्षांपासून असेल, कारण त्या आग्या माशीसारख्या दरवर्षी स्थलांतर करत नाहीत. नारळाच्या आणि शेवग्याच्या फुलांवर त्या मोठे काम करतात. त्यांच्यामुळे भिंतीला धोका नाही. भेग सिमेंटने बुजवू नका. रंगकामाच्या दिवशी नळीभोवती वीतभर जागा सोडायची, तिथे घासकाम करायचे नाही आणि टर्पेंटाइनचा वास जाईपर्यंत त्या बाजूला पंखा लावायचा, एवढे पुरे. रंगारी ऐन वेळी ब्रशच्या एका फटक्यात नळी पुसून टाकतात; म्हणून कामाच्या आदल्या दिवशीच त्यांना ती जागा दाखवून खडूने गोल आखून ठेवा.